दारू सोडल्यावर वजन उतरलं, पोट फुगलं? घाबरून पुन्हा ग्लास धरू नका. पण ही लक्षणं दिसली तर दवाखाना गाठा

वाशिम : श्रावण लागला की जिल्ह्यातल्या गावागावांत एक गोष्ट हमखास दिसते. वर्षभर पिणारे कितीतरी जण महिनाभर बाटली बाजूला ठेवतात. कोणी श्रावण पाळतो, कोणी माळ घालतो, कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, तर कोणी डॉक्टरनं रिपोर्ट दाखवून तंबी दिली म्हणून सोडतो. पहिला आठवडा कसातरी निघतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नवीनच तक्रार सुरू होते. पँट कमरेला ढिली होते, गाल आत जातात अन् पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगतं. पारावर बसलेले विचारतात, "काहून बे, एवढा सुकला? बिमार हायेस का?" घरातलंच कोणी म्हणून जातं, "पीत होते तवा तरी बरे दिसत होते."

घात इथंच होतो. पोळा होतो, दुसऱ्या दिवशी कर येते, मटणाचा बेत ठरतो आणि "थोडी घेतली तर भूक लागंल, पोट हलकं होईल" म्हणत ग्लास पुन्हा हातात येतो. महिनाभराची मेहनत एका संध्याकाळी जाते. वजन उतरणं आणि पोट फुगणं हा दारू सोडल्याचा तोटा आहे, असा समज त्यामागं असतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. मात्र काही वेळा हीच लक्षणं मोठ्या आजाराची खूण असतात. दोन्हींतला फरक घरच्या माणसांना कळला पाहिजे.

रोज पिणाऱ्यानं आधी हे वाचावं

सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते, नाही घेतली तर हात थरथरतात, घाम सुटतो, अशी ज्याची अवस्था आहे त्यानं घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करू नये. शेवटचा घोट घेतल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, मळमळ, घबराट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, तापही चढतो. गावात याला "लागीर झालं" म्हणतात आणि पेशंटला दवाखान्याऐवजी बाहेरचं पाहणाऱ्याकडे नेतात. हा मेंदूवरचा दारू सुटण्याचा परिणाम आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन हेच दिवस सुरक्षित काढता येतात.

आणखी एक. अशक्तपणा आला की गावात पहिली मागणी सलाईनची असते. पेशंट रोज पिणारा होता, हे डॉक्टरला लपवू नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला माहिती असेल तर ते आधी बी-१ चं इंजेक्शन देतात.

वजन का उतरतं?

हिशोब मांडून पाहू. दारूच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ७ कॅलरी असतात. देशी दारूच्या १८० मिलीच्या पव्व्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे एका पव्व्यात सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी झाल्या. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतात. थोडक्यात, रोज एक पव्वा रिचवणारा माणूस एका मोठ्या भाकरीपेक्षा जास्त ऊर्जा बाटलीतून घेत होता. ती बंद झाली आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही तर महिनाभरात दीड किलोच्या आसपास वजन उतरेल, असं कागदावरचं गणित सांगतं. चकण्याची शेव, फरसाण, तळलेलं मटण सुटलं तर आणखी.

पण दारूच्या या कॅलरी रिकाम्या असतात. त्यात प्रोटीन नाही, जीवनसत्त्व नाही, लोह नाही. पिकाला नुसता युरिया टाकत राहिलं तर ते हिरवंगार दिसतं, पण दाणा भरत नाही, तसाच हा प्रकार. पिणारा भरलेला दिसत असला तरी त्याच्या दंडा-मांड्यांचं मांस आतून कमी झालेलं असतं. चेहऱ्यावरचा फुगीरपणाही बऱ्याचदा सुजेचा असतो. दारू सुटली की शरीरातलं पाण्याचं गणित जागेवर येतं, सूज उतरते आणि खरा चेहरा दिसायला लागतो. लोकांना वाटतं माणूस सुकला. खरं म्हणजे तो आधीच सुकलेला होता, सुजेमुळं ते दिसत नव्हतं.

लिव्हरचाही यात वाटा आहे. दारू शरीरात साठवता येत नाही, म्हणून लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तीच जाळतं. तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मागं पडतं आणि ती लिव्हरमध्ये व पोटात साचते. दारू पूर्ण बंद झाली की लिव्हरमध्ये साचलेली साधी चरबी काही आठवड्यांत बरीच कमी होऊ शकते. वजनातली ही घट चांगलीच म्हणायची.

काहींचं मात्र उलटं होतं. दारू सुटल्यावर गोड खायची ओढ लागते. चहात साखर वाढते, पेढे, जिलेबी, बिस्किटांचे पुडे संपतात. भूक उघडते आणि दोन-तीन महिन्यांत वजन वाढतं. मग "दारू सोडली अन् लठ्ठ झाला" अशी चर्चा होते. पहिले काही आठवडे थोडं गोड खाल्ल्यानं दारूची तलफ आवरत असेल तर एवढं मनाला लावून घेऊ नये. फक्त शुगर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

पोट का फुगतं?

वर्षानुवर्षं दारूनं जठराचं आतलं अस्तर सुजलेलं असतं. आतड्यांची हालचाल बिघडलेली असते. अन्न पचवायला मदत करणारे आतड्यांतले चांगले जंतू कमी होऊन दुसरेच वाढलेले असतात. दारू बंद झाली म्हणून हे सगळं दुसऱ्या दिवशी नीट होत नाही. त्यातच माणूस एकदम पोटभर जेवायला लागतो. अनेक महिने अर्धी भाकरी खाणारं पोट अचानक तीन भाकरी, तुरीचं वरण आणि वरून कच्चा कांदा कसा पचवणार? गॅस होतो, पोट ताठ होतं, ढेकर येतात, संडास साफ होत नाही.

दारूची जागा घेणाऱ्या गोष्टीही पोट फुगवतात. हात रिकामा राहिला की खर्रा वाढतो. दिवसाला आठ-दहा चहा होतात. मित्रांच्या बैठकीत कोल्ड्रिंक आणि सोड्याच्या बाटल्या येतात. काहींना सुरुवातीला दूधही पचत नाही.

असं साधं फुगणं साधारण काही आठवड्यांत कमी होत जातं. म्हणजे ज्या सुमारास श्रावण संपतो, त्याच सुमारास पोट ताळ्यावर येऊ लागलेलं असतं. करीच्या दिवशी घेतलेला ग्लास ते पुन्हा पहिल्या पायरीवर नेतो. दरवर्षी असं सोडणं आणि पुन्हा धरणं झालं की सोडतानाची थरथर, फिट, भ्रम हा त्रास प्रत्येक खेपेला जास्त होण्याचा धोकाही वाढतो. "मी दरवर्षी महिनाभर सोडतो, मला काही होत नाही" हे पुढच्या वर्षीही खरं ठरेल, याची खात्री नाही.

पोट नेमकं कशाचं? चरबी, गॅस की पाणी?

चरबीचं पोट रोज सारखंच असतं. सकाळ-संध्याकाळ त्यात फरक पडत नाही आणि ते हळूहळू महिन्यांच्या हिशोबानं कमी-जास्त होतं.

गॅसचं पोट सकाळी कमी, जेवल्यावर आणि संध्याकाळी जास्त. वाजवलं तर ढोलासारखा आवाज येतो. वारा सरला, संडास झाली की बरं वाटतं.

पाण्याचं पोट, म्हणजे जलोदर, हा वेगळा आणि गंभीर प्रकार. लिव्हर कडक होऊन आकसलं की पोटात पाणी साचू लागतं. हात-पाय काडीसारखे होतात आणि पोट वाढतच जातं. आडवं झालं की पोट दोन्ही कुशींकडे पसरतं. बेंबी बाहेर येते. पायावर सूज येते. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवला तर खड्डा पडून राहतो. वजन उतरण्याऐवजी दोन-तीन दिवसांत दोन-दोन किलो वाढतं. खात्री मात्र तपासणी आणि सोनोग्राफीनंच होते.

इथं एक फसगत होते. अंगाचं मांस झडत असतं आणि पोटात पाणी भरत असतं, त्यामुळं काट्यावर वजन तेवढंच दिसतं. घरचे म्हणतात, वजन तर कमी झालं नाही. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये. दंड आणि पोटही पाहावं.

सुतळीची गाठ

घरी करता येईल असा एक साधा उपाय आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता बेंबीवरून सुतळी गुंडाळायची आणि जिथं टोक जुळतं तिथं गाठ मारायची. दुसरी सुतळी दंडाला लावायची. पुढच्या आठवड्यात त्याच सुतळ्या पुन्हा लावायच्या. वजनही आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर पाहायचं, मग तो उपकेंद्रातला असो की ओळखीच्या व्यापाऱ्याकडचा. रोज काट्यावर उभं राहिलं की माणूस उगाच घाबरतो.

पोटाची गाठ आत सरकत असेल आणि दंड तसाच असेल तर गाडी बरोबर चालली आहे. पोटाची गाठ जुळत नाही, पोट वाढलं, आणि दंड बारीक होतोय, असं दिसलं तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- डोळे पिवळे होणे, लघवी गडद पिवळी होणे
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी संडास
- पोट भराभर वाढणे, पायावर सूज, दम लागणे
- पोट फुगलेलं असताना ताप किंवा पोटात सतत दुखणे
- दिवसा झोप, रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, माणसं न ओळखणे
- तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फार घाण वास येणारी संडास आणि वजन उतरत जाणे. स्वादुपिंड बिघडल्याची ही खूण असू शकते
- घास गिळताना अडकणे, किंवा तोंडातली जखम बरी न होणे
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम

शेवटचं लक्षण टीबीचं असू शकतं. दारू पिणाऱ्यांत टीबीचा धोका जास्त असतो आणि वजन उतरलं की सगळं खापर दारूवर किंवा दारू सोडण्यावर फुटतं. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे. खूप तहान, सारखी लघवी आणि वजनात घट असेल तर शुगर तपासावी. पहिला महिना उलटला, जेवण नीट सुरू झालं, तरीही वजन उतरतच असेल, तर कारण शोधलंच पाहिजे. ६० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत कारणाविना ३ किलो वजन जाणं, एवढंही डॉक्टरला दाखवायला पुरेसं आहे.

खायचं काय?

एका बैठकीत पोटभर खाण्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खावं. सुरुवातीला मूग डाळीचं वरण, मऊ भात, ज्वारीची भाकरी, आंबील, ताक, शिजवलेल्या भाज्या, केळी. चालत असेल तर अंडी, एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. हरभरा, बरबटी, कच्चा कांदा, तर्री, ठेचा हे पोट ताळ्यावर येईपर्यंत कमी. जेवल्यावर लगेच आडवं न होता घराभोवती चार फेऱ्या माराव्यात.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घराघरांत पिकतं, पण ताटात क्वचित येतं. त्यात ३५ ते ४० टक्के प्रोटीन असतं. पोट शांत झाल्यावर, भाजलेलं सोयाबीन १० किलो गव्हात १ किलो या हिशोबानं दळून आणता येतं. कच्चं मात्र खाऊ नये, ते पचत नाही आणि गॅस करतं.

कावीळ किंवा लिव्हरचा आजार म्हटलं की गावात तेल बंद, डाळ बंद, अंडी बंद, नुसता उसाचा रस आणि साधा भात, असा पथ्याचा पाढा सुरू होतो. कोणी नाकात औषध टाकायला नेतं, कोणी माळ उतरवायला. यात महत्त्वाचे आठवडे वाया जातात आणि प्रोटीन न मिळाल्यानं उरलंसुरलं मांसही झडतं. लिव्हरच्या पेशंटला प्रोटीन लागतं, उलट जास्तच लागतं. बराच वेळ उपाशी राहणंही त्याला चालत नाही, म्हणून झोपण्याआधी दूध-भाकरीसारखं थोडं काही द्यावं. पोटात पाणी झालं असेल तर कमी करायचं ते मीठ. लोणचं, पापड, फरसाण बंद. गॅससाठी दुकानात मिळणारी सोड्याची पाकिटंही अशा पेशंटला नकोत, कारण त्यातही मिठासारखाच सोडियम असतो. अंगदुखीच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

न सांगता औषध देऊ नका

"पेशंटला न कळू देता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. कंटाळलेली बायको किंवा आई ती पावडर वरणात घालते. अशा पुड्यांत काय आहे, हे बहुतेकदा कळतच नाही. दारूशी न जुळणारं औषध त्यात असेल आणि माणूस त्यावर प्याला, तर उलट्या, धडधड, बीपी एकदम कमी होणं असा त्रास होऊन जीवावर बेतू शकतं. आजारी लिव्हरला ते आणखी धोक्याचं. अशी औषधं डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून.

मदत कुठं मिळेल?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. आशाताईंना विचारलं तरी वाट कळते. पुढची तपासणी, सोनोग्राफी आणि मानसोपचारासाठी वाशिमचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमचंही आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. झोप लागत नाही, जीव घाबरतो, जगणं नकोसं वाटतं, अशा वेळी टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना फी नसते. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्यानं सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून घ्यायचा उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. आधी शरीर सावरणं, मग मनाची तयारी आणि नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा, अशी ही वाट आहे. श्रावणाचे ३० दिवस ही त्याची सुरुवात झाली, शेवट नाही.

"मग थोडी, औषधापुरती?" हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की, दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. ज्याचं लिव्हर बिघडलं आहे, त्याच्यासाठी तर थोडीही जास्तच.

राहिला प्रश्न पारावरच्यांचा. दारू सोडलेल्या माणसाला भेटल्यावर "सुकला" म्हणण्याआधी क्षणभर थांबावं. त्याचा तो उतरलेला चेहरा बऱ्याचदा बरं होण्याच्या वाटेवरचा असतो. घरच्यांनी टोमणे न मारता वेळेवर चार घास पुढं ठेवावेत, आठवड्याला सुतळीची गाठ पाहावी आणि करीच्या दिवशी त्याला एकटं सोडू नये. त्या दिवशी शेतात काम काढा, लेकरांना घेऊन मामाच्या गावी जा, काहीही करा. ती एक संध्याकाळ निघाली की पुढचा महिना सोपा जातो.